वरच्या खोलीतली किरकिर

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. सामान म्हणजे दोन बॅगा, शिवणयंत्र आणि मी. यंत्र उचलताना टॅक्सीवाल्याने तोंड वाकडं केलं, पण बिचाऱ्याने दारात आणून ठेवलं. वहिनी पुढच्या खोलीत पलंगावर पडलेली, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, आणि तरी तोंडभर हसू. म्हणाली, या वन्सं, आता मी राणीसारखी पडून हुकूम सोडणार. 'वन्सं' ती मला चिडवायला म्हणते. वयाने आम्ही बरोबरीच्या आणि तिच्या लग्नाच्या आधीपासून मैत्रिणी. दादाशी तिची गाठ मीच घालून दिली, हे मी दोघांनाही विसरू देत नाही.

दादा बोटीवर आहे, उन्हाळा सरल्याशिवाय यायचा नाही. वहिनी जिन्यावरून पडली तेव्हा घरात एकटीच होती. मी ज्या दुकानात पडदे शिवायचे ते बंद पडलंय, त्यामुळे मीही घरी बसून माशाच मारत होते. तिने बोलावलं, मी आले.

घर लहान पण टापटीप आहे. खाली पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मला दिलेली मागची खोली. एक अरुंद लाकडी जिना, आणि वर एकच मोठी खोली. तिथे दादाचे सरडे आणि पाली. दादाने हौसेने आणल्या आणि वहिनीच्या गळ्यात घातल्या. त्यांना जिवंत किडे लागतात, आणि ते किडे घरीच वाढवतात, हे मला ठाऊक होतं. पण ते घरभर असतील असं वाटलं नव्हतं. फ्रिजवर जाळीच्या झाकणाचा एक डबा, जिन्याच्या वळणावर एक, न्हाणीघराच्या खिडकीत एक, वहिनीच्या उशाशी एक. सगळ्यांत रातकिडे. लोक कुंड्या ठेवतात तसे. माझ्या खोलीत कपाटावरही आहेच. विचारलं तर म्हणाली, वर जागा पुरत नाही.

आत्ता सगळं घर किरकिरतंय. त्रास होत नाही, उलट सोबत वाटते.

५ फेब्रुवारी

शिकवणी सुरू झाली. वहिनी खालून ओरडून सांगते, मी वर करते.

वरच्या खोलीत जाड पडदे लावलेत (शिवण कुणाची ते मी सांगायला नको). कायम उबदार आणि अंधूक. एका भिंतीला काचेच्या पेट्या. सर्वांत मोठीत दाढीवाला जाडा सरडा, त्याला घरात 'आजोबा' म्हणतात, कारण दिवसभर दिव्याखाली डोळे मिटून बसतो आणि खायची वेळ बरोबर ओळखतो. शेजारी पिवळ्या ठिपक्यांच्या दोन पाली. पाल म्हटलं की मी खुर्चीवर चढणारी बाई, पण या शहाण्या आहेत, भिंतीवर चढत नाहीत.

समोरच्या भिंतीला रॅक. खालच्या कप्प्यात झुरळं. मोठी, चपटी, अजिबात आवाज न करणारी. मधल्यात कोंड्यातल्या अळ्या, त्यांच्यात हात घातला की तांदूळ हलल्यासारखं वाटतं. बाकी सगळे रातकिडे. प्रत्येक डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे, म्हणजे त्यांना लपायला फटी मिळतात. वाटीत पाणी ठेवायचं नाही, त्यात बुडून मरतात. गाजराच्या चकत्या आणि ओला स्पंज पुरतो. जे आजोबांच्या पोटात जावं असं वाटतं ते आधी किड्यांना चारायचं. मग किडे पिशवीत घालून, कॅल्शियमची पूड टाकून हलवायचे. पिठात घोळवल्यासारखे पांढरे होतात. आजोबांच्या जिभेचा टप् असा आवाज येतो आणि संपलं.

किरकिर फक्त नर करतात. मादीला मागे सुईसारखी लांब नळी असते, ती ओल्या मातीत खुपसून अंडी घालते. सुई म्हटल्यावर मला ती एकदम आपली वाटली. अंड्यांच्या मातीचा डबा दिव्याच्या उबेला ठेवायचा आणि माती सुकू द्यायची नाही, हे वहिनीने तीन तीनदा बजावलं. बाकी काही चुकलं तर चालेल, म्हणाली, पण पिल्लं निघाली पाहिजेत.

९ फेब्रुवारी

हात बसला. आता डब्यातून किडा पळाला तर किंचाळत नाही, ओंजळीत धरते. वहिनी म्हणते, तू दादापेक्षा बरी. प्लास्टरच्या आत खाज सुटते म्हणून तिला माझी सगळ्यांत लांब विणकामाची सुई दिली. त्यावरून आम्ही दोघी पोट धरून हसलो. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

एकच खटकलं. बोलता बोलता ती मध्येच थांबते, मान किंचित कलती करते. ऐकते. मग जिथे सोडलं तिथून पुन्हा बोलायला लागते.

१२ फेब्रुवारी

दुपारी पडद्याची दुमड घालायचं काम घेऊन वरच बसले, म्हणजे उजेडाच्या नावाने एक छोटा दिवा आणि मी. आपण खोलीत शिरलो की रातकिडे गप्प होतात. हालचाल न करता बसलं की थोड्या वेळाने एक सुरू करतो, मग दुसरा, मग सगळे. तसे झाले सुरू. मी टाके घालत होते.

मग दाराजवळचा डबा थांबला. माझा हातसुद्धा हलला नव्हता. नंतर त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा. आणि मजा म्हणजे तो थांबला तेव्हा दाराजवळचा पुन्हा सुरू झाला. रॅकच्या कडेने कुणीतरी सावकाश चालत यावं आणि ज्याच्यासमोरून जाईल त्याने गप्प बसावं, तसं. माझ्या कोपराशी असलेला डबा थांबला. थांबलेलाच राहिला. बाकी सगळी खोली किरकिरत होती, फक्त माझ्या शेजारी काही नव्हतं.

मग तो डबा सुरू झाला आणि शांतता आली तशी दाराकडे गेली.

वाऱ्याची झुळूक असेल. पडदे मात्र हलले नव्हते. जाड कापड आहे, सहजासहजी हलत नाही.

१५ फेब्रुवारी

आज पुन्हा. आज खिडकीकडून आलं. मी सुई धरून बसून राहिले, मान वळवायचं धाडस झालं नाही. नंतर स्वतःचीच लाज वाटली. खाली येऊन वहिनीला हसत हसत सांगितलं की तुझे किडे कवायत करतात.

ती हसली नाही. तिने विचारलं, आधी कोणत्या बाजूचा थांबला?

मी हे सगळं लिहितेय कारण हा प्रश्न मला त्या शांततेपेक्षा जास्त लागला. माणूस विचारेल, काय झालं, का झालं. बाजू कोण विचारतं?

१९ फेब्रुवारी

सकाळी स्वयंपाकघरात चहा उकळत होता. वरून किरकिर येत होती, नेहमीसारखी. वरची थांबली. मग जिन्याच्या वळणावरचा डबा थांबला. मग फ्रिजवरचा.

मी चमचा हातात धरून उभी. फ्रिज माझ्यापासून हातभर. फरशीवर काही दिसलं नाही, कसला वास नाही, गारवा नाही. चहा उकळत होता, पण त्याचा आवाज मला येत नव्हता असं आता आठवतं. खात्रीने नाही सांगता येणार. चहा ऊतू गेला.

मग फ्रिजवरचा डबा सुरू झाला आणि माझ्या खोलीतला थांबला. तो संध्याकाळीही सुरू झाला नव्हता. मी संध्याकाळपर्यंत पुढच्या खोलीत वहिनीपाशीच बसून राहिले. डोकं दुखतंय असं सांगितलं.

२१ फेब्रुवारी

वहिनीने सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवते.

दादा पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा आजोबांसाठी रातकिड्यांचा एक डबा ठेवून गेला. तो डबा मध्येच थांबतो हे तिच्या लक्षात आलं. मग दोन डबे झाले, आणि एक थांबल्यावर दुसरा थांबतो हे लक्षात आलं. तेव्हापासून ती डबे वाढवत गेली. सरडे हे निमित्त. आजोबा आणि दोन पाली मिळून जेवढे किडे खातात त्याच्या दसपट ती वाढवते. घरात ते कुठे आहे हे कळावं म्हणून. जिथे आवाज नाही, तिथे ते.

मी विचारलं, ते म्हणजे काय? तिला माहीत नाही. तिने कधी पाहिलेलं नाही. लहानपणी तिचे कान मध्येच बंद पडायचे, सगळं जग एकदम मुकं व्हायचं. आई-वडिलांनी कानाच्या डॉक्टरांकडे किती हेलपाटे घातले, कान ठणठणीत निघाले. तिला वाटतं ते तेव्हापासून आहे. रातकिड्यांनी फक्त चालताना दाखवून दिलं.

घर सोडून का नाही गेलीस, विचारलं. पाय मोडला तेव्हा हॉस्पिटलात पर्समधून काडेपेटीत एक रातकिडा घेऊन गेली होती. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या उशाखाली गप्प झाला.

आणि जिन्यावरून पाय घसरला नव्हता. ती वरून खाली येत होती. वळणावरचा डबा थांबला, म्हणजे ते समोर. मागे वळली तर वरचेही थांबलेले. "मी किंचाळले," ती म्हणाली, "पण माझा आवाज मलाच आला नाही. तोंड उघडलेलं, घसा ताणलेला, आणि काहीच नाही. मग मी उडी मारली."

दादाला सांगितलंस का? सांगितलं होतं. तो म्हणाला, एकटी राहून राहून असं होतं, धाकटीला बोलावून घे. धाकटी म्हणजे मी.

मला तिचा हात धरायचा होता. धरला. मग तिने जे सांगितलं त्यावर हात सोडावासा वाटला. ती म्हणाली, "तू आल्यापासून माझ्या उशाशी असलेला डबा एकदाही थांबला नाही गं."

डबा किरकिरत होता. मी विचारलं, हे होईल हे तुला माहीत होतं का? तिने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, एकीपेक्षा दोघी बऱ्या, एवढंच वाटलं मला, खरंच एवढंच. आणि रडायला लागली. तिच्या रडण्यावर माझा विश्वास आहे. पण माझ्या खोलीतला डबा अजून थांबलेला आहे.

२४ फेब्रुवारी

आता मीही मान कलती करते. मीही बोलता बोलता थांबते. जेवताना आम्ही दोघी एकदमच थांबतो, आणि मग एकमेकींकडे बघत नाही.

यंत्र चालवत नाही. त्याच्या घरघरीत बाकीचं ऐकू येत नाही.

२७ फेब्रुवारी

अंड्यांच्या मातीचा डबा पाहिला. पिल्लं निघायचे दिवस उलटून गेलेत. वरून माती ओलसर होती, रोज पाणी मारत होते मी. बोट खुपसलं तर खाली कोरडी ठाक. दिव्याच्या फार जवळ ठेवला होता. उकरली तर तांदळाच्या कणीसारखी अंडी, सुकून सुरकुतलेली. एकही पिल्लू नाही.

वहिनीला सांगितलं. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं की मोठे किती उरलेत. मोठे रातकिडे महिना-दोन महिने जगतात. हे आधीच मोठे होते. रोज सकाळी डब्याच्या तळाशी चार-पाच उताणे पडलेले असतात. त्यांच्या जागी येणारं कुणी नाही.

आज नवी माती ठेवली. त्यातून निघालेली पिल्लं किरकिरायला लागेपर्यंत मधले कित्येक आठवडे घरात आवाज नसेल.

१ मार्च

दुकानात जाऊन आले. पाळीव प्राण्यांचं एकच दुकान आहे. दुकानदार भला माणूस, वहिनीच्या पायाची चौकशी केली. रातकिडे मागितले तर हसला. म्हणाला, बाई, माझ्याकडे रातकिडे तुमच्याच घरून यायचे. मी इतर कुठून मागवून द्याल का विचारलं. बघतो म्हणाला. तोवर झुरळं न्या, म्हणाला, सरड्याला काय, पोट भरल्याशी मतलब.

झुरळं मुकी असतात.

येताना रस्त्यावर गाड्यांचे भोंगे, भांडणारी माणसं, शाळेतून सुटलेली पोरं. मला त्या गोंगाटात इतकं सुरक्षित वाटलं की कोपऱ्यावर उगाच उभी राहिले. मग वहिनी एकटी आहे हे आठवलं आणि पळत आले.

५ मार्च

आजोबांना आणि पालींना आता फक्त झुरळं आणि अळ्या. रातकिडा एकही द्यायचा नाही असं ठरलंय. आजोबा रुसलेत, पाठ करून बसतात. बसू देत.

वर तीन डबे बोलतात. खाली जिन्यावरचा, फ्रिजवरचा आणि वहिनीचा. माझ्या खोलीतला त्यानंतर सुरूच झाला नाही, न्हाणीघरातला काल संपला. दार उघडं ठेवून आंघोळ करते. पाणी बादलीत पडताना आवाज होतोय ना, याकडे सगळं लक्ष.

८ मार्च

फ्रिजवरचा संपला. खरंच संपला. आधी वाटलं ते तिथे उभं आहे, म्हणून दुपारपर्यंत स्वयंपाकघरात गेले नाही. मग झाडूच्या दांड्याने डबा ओढून पाहिला. सगळे उताणे.

गप्प झालेला आणि मेलेला, यांतला फरक लांबून कळत नाही.

वहिनी म्हणते चल निघून जाऊ. कुठे, ते दोघींनाही सुचत नाही.

११ मार्च

जिन्यावरचाही संपला. वर एकच डबा. एकच नर असावा, सूर ओळखीचा झालाय. मध्ये मध्ये दम लागल्यासारखा थांबतो. प्रत्येक वेळी मी मनात आकडे मोजते. तो थकलाय की ते आलंय—

दादाचा फोन आला. वहिनीने हसत हसत बोलून घेतलं. मला दिला. मी म्हटलं सगळं छान. दुसरं काय म्हणणार.

वहिनीचा डबा मात्र मस्त चाललाय. त्यातले मरतच नाहीत. दोघी तिथेच झोपतो, त्या आवाजापाशी.

१३ मार्च

वरचा संपला.

खाली उरला तो वहिनीचा डबा. मी ठरवलं की त्यातले दोन-तीन काढून जिन्यावर ठेवायचे, निदान एक वाट तरी कळेल. तिला म्हटलं गाजर बदलते. ती पडल्या पडल्या केस विंचरत होती. डबा किरकिरत होता, भरून वाहणारी किरकिर. मी डबा मांडीवर घेतला. झाकण काढलं.

ते सगळे मेलेले होते. आज-काल नाही. वाळून पार भुसा झालेले, पाय गळून वेगळे पडलेले, पुठ्ठ्याला चिकटलेले. गाजराच्या वरच्या चकत्या न कुरतडलेल्या, खालच्या काळ्या, लाकडासारख्या. कोण जाणे किती दिवस. रोज मी झाकण जरासं उचलून चकती आत टाकत होते आणि पुठ्ठ्याच्या आड बघत नव्हते. आवाज येतोय ना, मग बघायचं कशाला.

आणि किरकिर चालूच होती. डब्यातून नाही. पलंगावरून.

वहिनी म्हणाली, "कशी गातायत बघ. मला कळतंय, माझ्यापाशी ते येत नाही."

मी झाकण लावलं. डबा जागच्या जागी ठेवला. हो म्हटलं.

१४ मार्च

तिला सांगितलेलं नाही. सांगून काय करू? तिला पळता येत नाही.

उशाशी कान लावला. पलंगाखाली वाकून पाहिलं. आवाज प्लास्टरमधून येतो. मांडी आणि प्लास्टर यांच्यामधल्या फटीतून, आतून. तिला आत खाज सुटते.

एक विचार आला आणि जीव भांड्यात पडला. पळालेला रातकिडा असेल. विणकामाच्या सुईने खाजवताना फट मोठी झाली, शिरला असेल आत. उबेला. त्यात अशक्य काय आहे? मीच तर किती किडे सांडले.

तसंच असणार.

१६ मार्च

हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. प्लास्टर तसंही काढायला आलंय, परवा या म्हणाले. किडा आत शिरलाय म्हटल्यावर हसले. म्हणाले, लोकांच्या प्लास्टरमधून पेनाची टोपणं निघतात, पट्टी निघते, एकदा चमचा निघाला. घाबरू नका.

मी नाही घाबरत.

पण एक रातकिडा एवढे दिवस. गाजर नाही, पाणी नाही. आणि तो एका किड्याचा आवाज नाही. खूप आहेत. वरचा तो दम लागणारा होता ना, त्याचा सूर त्यात आहे. काल रात्रीपासून त्यात तोही आहे. फ्रिजवरचे आहेत. मी सगळ्यांचे सूर ओळखते.

म्हणजे ते जिथून गेलं तिथले आवाज घाबरून थांबत नव्हते. ते घेत होतं. घेऊन ठेवत होतं. आणि आता—

वहिनी विचारते, काय लिहितेस एवढं. हिशेब, म्हटलं.

१७ मार्च

आजोबांना, पालींना दुकानदार घेऊन गेला. भला माणूस. तो दारात उभा असताना मला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

घर रिकामं. फक्त तिच्या पायात—

तिला आज कळलं. डबा तिने स्वतः उघडला. माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?"

सांगितलं.

"मला सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, तू तरी मला कुठे सांगितलंस. मग आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. तिचा पाय किरकिरत होता. उद्या. उद्या कापतील.

१८ मार्च

हॉस्पिटल. बाकावर. लिहिते, म्हणजे वेळ जाईल.

टॅक्सीवाला म्हणाला, सामानात रातकिडा आलाय तुमच्या. वहिनी म्हणाली, हो, पाळलेला आहे. तो हसला. मीही हसले. शपथ, हसले.

तिला चाकांच्या खुर्चीवरून आत नेलं. किरकिर तिच्याबरोबर गेली. दार लागलं. कापायचं यंत्र सुरू झालं. घरघर.

किरकिर ऐकू येत नाही इथे. किती दिवसांनी.

थांबलं यंत्र.

डॉक्टर दारात आले. म्हणाले, काही नाही आत. साफ आहे. हाड छान जुळलंय. मी विचारलं, आणि आवाज? कसला आवाज, म्हणाले. एकदा उभं करून बघतो म्हणाले, येईल ती चालत.

सुटली. वहिनी सुटली. देवा—

पुढे नोंदणीच्या खिडकीपाशी गर्दी आहे. एक बाळ रडतंय. कुणीतरी खोकतंय. वर पंखा खडखडतो. दादाला फोन करते. आधी वहिनी येऊ दे.

बाळ थांबलं. झोपलं असेल.

नाही. तोंड उघडंच आहे त्याचं. रडतंय. लाल झालंय. आवाज नाही.

खोकणारा माणूस. खांदे हलतात—

त्याच्या अलीकडची बाई बोलतेय फोनवर. बोलत होती. ओठ—

बाळाचा आवाज पुन्हा आला. म्हणजे पुढे सरकलं. या बाजूला.

पंखा फिरतोय. खडखड नाही.

दार उघडलं. वहिनी. स्वतःच्या पायांवर. हसतेय. मला हाक मारतेय, ओठांवरून कळतं, वन्सं, वन्सं. आता हसत नाही. धावत येतेय, लंगडत, हात पुढे—

लिहितेय पण पेनाचा कागदावर घासल्याचा

माझा श्वास मला